स्टॉल व गिरकी : वैमानिक-प्रशिक्षणाचा इतिहास

विमानाला हवेत उचलून धरणारी पंखांवरील उत्थापक प्रेरणा एकाएकी घटली, तर त्या अवस्थेस वैमानिकांच्या परिभाषेत ‘स्टॉल’ म्हणतात. स्टॉल झालेले विमान एका बाजूस कलून, नाक खाली करून आणि स्वतःभोवती फिरत मळसूत्री मार्गाने खाली येऊ लागले म्हणजे त्या गतीस गिरकी किंवा ‘स्पिन’ म्हणतात. मोटारगाडीच्या संदर्भात एंजिन बंद पडणे या अर्थी स्टॉल हा शब्द वापरला जातो. विमानाच्या बाबतीत मात्र त्याचा एंजिनाशी प्रत्यक्ष संबंध नाही. एंजिन पूर्ण शक्तीने चालू असतानाही विमानाचा स्टॉल होऊ शकतो. विमानोड्डाणाच्या आरंभापासून या दोन अवस्थांनी अनेक वैमानिकांचे बळी घेतले. त्यांना तोंड देण्यासाठी वैमानिकास काय शिकवावे, गिरकीतून बाहेर पडण्याचे कौशल्य की गिरकी ओढवू न देण्याची सावधगिरी, हा या प्रशिक्षणाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

कारणमीमांसा : पंख आणि त्यावर येणारा हवेचा प्रवाह यांमधील कोनास आघात-कोन म्हणतात. हा कोन वाढत जाईल तशी उत्थापक प्रेरणा प्रथम वाढते; परंतु सामान्य पंखाच्या बाबतीत सु. १५° ते १८° ही मर्यादा ओलांडल्यावर पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून वाहणारी हवा पृष्ठभागास चिकटून न राहता त्यापासून अलग होते आणि प्रेरणा झपाट्याने घटते. प्रवाह असा अलग का होतो, याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ लुटव्हिख प्रांट्‌ल यांनी १९०४ साली मांडलेल्या सीमास्तर सिद्धांतामुळे झाला. स्टॉल हा मुळात कोनाचा परिणाम आहे, वेगाचा नव्हे. सरळ व समपातळीत उडणाऱ्या विमानाचा वेग कमी केल्यास वजन पेलण्यासाठी नाक अधिकाधिक वर धरावे लागते व आघात-कोन मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे कमी वेग म्हणजे स्टॉल असा समज रूढ झाला. वळणावर हा समज घातक ठरतो. उंची कायम राखून ६०° कलून वळणाऱ्या विमानाच्या पंखांना वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो आणि त्याचा स्टॉल नेहमीच्या १.४१ पट वेगालाच होतो. सरळ उड्डाणात ताशी ८० किमी. वेगाला स्टॉल होणारे विमान अशा वळणावर ताशी ११३ किमी. वेगालाच कोसळू लागते.

विमान स्टॉलच्या अवस्थेत असताना ते एका बाजूस घसरत असेल, तर दोन पंखांवरील आघात-कोन सारखे राहत नाहीत. खाली जाणाऱ्या पंखाचा स्टॉल अधिक तीव्र होतो, त्यावरील हवेची ओढ वाढते आणि विमान त्या बाजूस फिरू लागते. एकदा सुरू झालेले हे फिरणे आपोआप चालू राहते, हेच गिरकीचे वैशिष्ट्य होय. घाबरलेल्या वैमानिकाची स्वाभाविक प्रतिक्रिया नियंत्रक दांडा मागे ओढून नाक वर उचलण्याची असते. तिने आघात-कोन मोठाच राहतो व गिरकी टिकून राहते. सुटकेची रीत याच्या उलट आहे : एंजिनाची शक्ती कमी करणे, पंखांवरील एलेरॉन मध्यस्थितीत ठेवणे, गिरकीच्या विरुद्ध दिशेचे सुकाणू पायाने पूर्ण दाबणे, दांडा पुढे लोटणे आणि फिरणे थांबताच विमान हलकेच सुळक्यातून सावरणे. भूमी वेगाने जवळ येत असताना नाक आणखी खाली करावे लागते. ही गोष्ट सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध असल्यामुळेच तिचे शिक्षण आवश्यक ठरते.

आरंभीचा काळ : जर्मन संशोधक ओटो लिलिएन्टाल यांचे ग्लायडर ऑगस्ट १८९६ मध्ये हवेतच थबकून कोसळले आणि त्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. विमाने प्रचारात आल्यावरही गिरकी म्हणजे निश्चित मृत्यू अशीच समजूत होती. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या मैदानावर विल्फ्रेड पार्क या नौदलातील अधिकाऱ्याचे ॲव्हरो विमान सु. २०० मी. उंचीवर गिरकीत सापडले. दांडा मागे ओढून उपयोग होत नाही असे दिसल्यावर पार्क यांनी सुकाणू गिरकीच्या विरुद्ध दिशेस दाबले आणि जमिनीपासून जेमतेम १५ मी. अंतरावर विमान सावरले. अनेक जाणकारांनी ही घटना प्रत्यक्ष पाहिल्यामुळे तिची चर्चा झाली. परंतु तिच्यातून लगेच कोणतीही शिक्षणपद्धती उभी राहिली नाही. स्वतः पार्क त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका विमान अपघातात मरण पावले.

पहिल्या महायुद्धात परिस्थिती पालटली. लढाऊ वैमानिक गिरकीत जाण्याचे व तीतून निघण्याचे तंत्र अनुभवाने शिकले. १९१७ साली फार्नबरो येथील कारखान्यात भौतिकीविज्ञ फ्रेडरिक लिंडमन यांनी स्वतः विमान चालवून व मुद्दाम गिरक्या घेऊन मापने केली आणि गिरकीचे यामिकीय स्वरूप स्पष्ट केले. त्याच वर्षी रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी गॉस्पोर्ट येथे नवी शिक्षणपद्धती सुरू केली. धोकादायक हालचालींपासून विद्यार्थ्यास दूर ठेवण्याऐवजी दुहेरी नियंत्रकांच्या ॲव्हरो ५०४ विमानात शिक्षकाबरोबर त्या मुद्दाम करवून घेणे, हे तिचे मर्म होते. शिक्षक व विद्यार्थी यांना उड्डाणात बोलता यावे म्हणून वापरलेली बोलनळीही ‘गॉस्पोर्ट नळी’ या नावाने प्रसिद्ध झाली. पुढील सु. तीस वर्षे जगातील बहुतेक प्रशिक्षणसंस्थांनी हीच परंपरा चालविली.

भारतातील आरंभ : भारतात नागरी उड्डाण-शिक्षणाची सुरुवात १९२८ च्या सुमारास दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथील फ्लाइंग क्लबांनी झाली. मुंबईच्या क्लबाचे केंद्र जुहू येथील विमानतळावर होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना याच क्लबाद्वारे भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. क्लबांतील शिक्षण द हॅव्हिलंड कंपनीच्या ‘मॉथ’ या दोन आसनी द्विपंखी विमानांवर चाले. त्यांचे शिक्षक ब्रिटिश परंपरेतील असल्यामुळे स्टॉल व गिरकी ही अभ्यासक्रमाची स्वाभाविक अंगे होती. १९३१ साली प्रथम उडालेल्या ‘टायगर मॉथ’ या नंतरच्या विमानाच्या वरच्या पंखांच्या पुढील कडेस आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या बसविलेल्या असत. आघात-कोन वाढताच त्यांच्या फटीतून येणारी हवा प्रवाहास पंखाशी धरून ठेवी व स्टॉल लांबणीवर पडे. दुसऱ्या महायुद्धात भारतातील प्राथमिक उड्डाणशाळांत याच विमानावर नवशिक्यांना शिकविण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय बनावटीच्या प्रशिक्षण-विमानांचा पाया घालण्यात विष्णु माधव घाटगे (१९०८–९१) या मराठी अभियंत्याचा वाटा मोठा होता. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू हे त्यांचे जन्मगाव. गटिंगेन विद्यापीठात त्यांनी सीमास्तर सिद्धांताचे जनक प्रांट्‌ल यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वैमानिकी अभियांत्रिकी विभागाची उभारणी त्यांनी केली आणि हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात अभिकल्पाची धुरा सांभाळली. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एचटी-२’ हे दोन आसनी धातूचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतात अभिकल्पित होऊन उत्पादनात आलेले हे पहिले शक्तिचलित विमान होय. हवाई दलातील नवशिक्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या त्यावर घडल्या. २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडालेले, ९० अश्वशक्तीच्या एंजिनाचे ‘पुष्पक’ हे विमान तर मुख्यतः फ्लाइंग क्लबांसाठीच होते. त्यात शिक्षक व विद्यार्थी शेजारीशेजारी बसत. देशातील अनेक खासगी वैमानिकांनी स्टॉलपूर्वीची पंखांची थरथर व नियंत्रकांचा सैलपणा प्रथम या विमानात अनुभवला.

दृष्टिकोनातील बदल : १९४९ साली अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक प्रशासनाने खासगी वैमानिकाच्या परीक्षेतून गिरकीची सक्ती काढून टाकली व स्टॉल ओळखून सावरण्यावर भर दिला. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी मात्र गिरकीचे शिक्षण आवश्यक राहिले. सरावातच होणारे अपघात टाळावेत आणि गिरकीस सहजी बळी न पडणारी विमाने बनविण्यास कारखान्यांना उत्तेजन मिळावे, असे दोन हेतू यामागे होते. अशा विमानाचे उदाहरण फ्रेड वाइक यांनी १९४० च्या सुमारास ‘एरकूप’च्या रूपाने पुढे ठेवलेच होते. त्याच दशकात स्टॉल जवळ येताच भोंगा वाजविणारे सूचक उपकरण प्रचारात आले. ब्रिटनसह इतर देशांनीही कालांतराने खासगी परवान्यासाठीची गिरकीची सक्ती सोडली.

या बदलास उंचीच्या गणिताचा आधार होता. भारतीय प्रशिक्षणसंस्थांतही पुढे मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या सेस्ना जातीच्या विमानांत एका फेरीची गिरकी व तीतून सुटका यांत साधारणतः ३०० मी. उंची खर्ची पडते. विमानतळाभोवतीचा नेहमीचा फेराही ३०० मी. उंचीवरूनच होतो आणि धावपट्टीकडे अखेरचे वळण घेताना विमान त्याहूनही बरेच खाली आलेले असते. हे वळण चुकून धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेलेला वैमानिक विमान आणखी कलविण्याचे टाळतो, सुकाणू दाबून नाक धावपट्टीकडे ओढू पाहतो आणि खाली झुकणारे नाक सावरण्यासाठी दांडा मागे घेतो. गिरकीस लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, मोठा आघात-कोन व बाजूस घसरण, येथे एकत्र येतात. उड्डाणानंतर लगेच एंजिन बंद पडल्यावर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोहही असाच घातक असतो. अशा जागी सुटकेचे कौशल्य कितीही अचूक असले, तरी ते वापरण्याइतकी उंची शिल्लक नसते.

उलट बाजूचा आक्षेपही निराधार नव्हता. ज्याने गिरकी कधी पाहिलीच नाही, तो ऐन वेळी गोंधळून दांडा मागे ओढील. आणि ज्याला स्टॉलची भीती वाटते, तो त्याचा सराव टाळील, असे अनुभवी शिक्षकांचे म्हणणे होते. शिवाय केवळ समपातळीत, सावकाश वेग कमी करून केलेल्या स्टॉलच्या सरावाने वळणावरील स्टॉल ओळखता येत नाही. यातून १९९१ साली अमेरिकेत तडजोडीचा मार्ग निघाला. गिरकीचे प्रात्यक्षिक सक्तीचे न करता स्टॉल कोणत्या परिस्थितीत होतो, गिरकी कशी सुरू होते व तीतून कसे सुटावे, यांचे शिक्षण सर्व वैमानिकांना आवश्यक करण्यात आले. ‘स्टॉल व गिरकीविषयक जाणीव’ ही संकल्पना यातूनच दृढ झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या मानकांतही खासगी वैमानिकाने सुरू होऊ घातलेला व पूर्ण झालेला असे दोन्ही प्रकारचे स्टॉल ओळखून सावरावेत, अशी अपेक्षा आहे.

लष्करी शिक्षणात मात्र प्रत्यक्ष गिरकीचे स्थान कायम राहिले आणि प्रशिक्षण-विमानाची ती एक कसोटी ठरली. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचे ‘एचजेटी-३६’ हे जेट विमान मार्च २००३ मध्ये प्रथम उडाले. परंतु त्याचे स्टॉल व गिरकीतील वर्तन समाधानकारक नसल्याने पुच्छभागाची पुनर्रचना करावी लागली. दोन्ही बाजूंना सहा फेऱ्यांच्या गिरकीची क्षमता त्याने सिद्ध केल्याचे २०२२ साली जाहीर झाले. गणिताने व वातविवरातील प्रयोगांनी गिरकीचे पूर्ण भाकीत करणे किती कठीण आहे, याची या दीर्घ प्रयत्नावरून कल्पना येते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : जुहूच्या परिसरातील वाढत्या हवाई वाहतुकीमुळे मुंबईच्या क्लबाचे उड्डाण-शिक्षण पुढे धुळ्यास नेण्यात आले. बारामती व गोंदिया येथेही प्रशिक्षणसंस्था निघाल्या. समुद्रकाठाहून दख्खनच्या पठाराकडे झालेल्या या स्थलांतराचा शिक्षणाशी संबंध आहे. उंच प्रदेशात व कडक उन्हाळ्यात हवा विरळ असते. अंबेजोगाई, घाटनांदूर या बाजूच्या बालाघाट पठारासारख्या प्रदेशावरून वैशाखात उडताना वेगदर्शकावर स्टॉलचा आकडा तोच दिसतो. परंतु विमानाचा खरा वेग त्याहून जास्त असतो. त्यामुळे वळणाची त्रिज्या वाढते, एंजिनाची शक्ती घटते आणि खालची जमीन अधिक वेगाने सरकताना दिसते. जमिनीकडे पाहून वेग पुरेसा आहे असे मानणारा वैमानिक नकळत स्टॉलकडे जाऊ शकतो. म्हणून वेगाचा अंदाज डोळ्यांनी न घेता उपकरणावरून घ्यावा, खालच्या उंचीवर वळण हलके ठेवावे आणि अखेरचे वळण चुकल्यास ते ओढून न घेता विमान पुन्हा वर न्यावे, हे नियम येथे विशेष महत्त्वाचे ठरतात.

सारांश, १९१२ साली एका वैमानिकास योगायोगाने सापडलेला सुटकेचा मार्ग पाच वर्षांत शास्त्राचा व शिक्षणाचा विषय बनला. पुढील अनुभवाने त्या शिक्षणाची मर्यादाही दाखवून दिली. पुरेशा उंचीवर, गिरकीस मान्यता असलेल्या विमानात व जाणत्या शिक्षकाबरोबर घेतलेला गिरकीचा अनुभव वैमानिकाची भीती घालवितो व हातास योग्य वळण लावतो. जमिनीजवळ मात्र त्याचे रक्षण करते ती स्टॉलची पूर्वचिन्हे वेळीच ओळखण्याची सवय.