जागल्याची भरपाई आणि सरकारचा वाटा

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा मराठ्यांचीही माणसे फार पडली. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना मराठेशाहीत ‘बालपरवेशी’ लावून देत. कर्तबगारीचे इनाम वेगळे आणि घरचा कर्ता गेल्याची ही तजवीज वेगळी, हे तेव्हाच्या कारकुनालाही कळे. पुढे इंग्रजी अमलात, १८५२ च्या कायद्याने, इनाम कमिशन सनदा तपासू लागले आणि १८६३ नंतर पुष्कळ खासगी इनामांवर आकाराची चौथाई बसली.

हे आठवले ते जागल्यावरून. गावाची राखण करणाऱ्याचा हा शब्द आता आपण कचेरीतली लबाडी उघड करणाऱ्यालाही लावतो. आमच्या नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या, त्याचे काम २०२५ पर्यंत चालले. शेकडो संसार रस्त्यावर आले. समजा, इमारती उठत असतानाच एखाद्या कारकुनाने तोंड उघडले असते, त्यापायी त्याची नोकरी गेली असती आणि कोर्टाने त्याला भरपाई दिली असती, तर तिच्यावर प्राप्तिकर लागावा का?

अमेरिकेत हा वाद झाला. मारिटा मर्फी यांनी एअर नॅशनल गार्डच्या तळावरचे पर्यावरणाचे धोके कळवले आणि त्याबद्दल छळ सोसला. त्यांना ७०,००० डॉलर मिळाले: ४५,००० मनस्तापाचे, २५,००० व्यवसायातली पत गेल्याचे. त्यावर २०,६६५ डॉलर कर गेला. ऑगस्ट २००६ मध्ये अपील न्यायालय म्हणाले, हे उत्पन्नच नव्हे. जुलै २००७ मध्ये त्याच न्यायाधीशांनी निकाल फिरवला! कारण तिथल्या १९९६ च्या दुरुस्तीने सूट राहिली ती फक्त शारीरिक इजेपुरती. हात मोडला तर माफी, मन मोडले तर कर. मला हा भेद पटत नाही.

आपल्या १९६१ च्या कायद्याने नोकरी सुटल्याबद्दल मालकाकडून मिळालेली भरपाई पगारातच धरली. बुडालेल्या पगारापुरते ते रास्तच. पगार मिळाला असता तरी कर भरावाच लागला असता. पण गेलेली अब्रू ही कमाई कशी? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अपघात भरपाईवरचे निकालापर्यंतचे व्याजसुद्धा करपात्र उत्पन्न मानले नाही. तोच न्याय जागल्याला का नको? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळूनही दहा वर्षे अमलात आला नव्हता, ही गोष्ट निराळी. तोवर निकाल देणाऱ्यांनी एवढे तरी करावे: बुडालेला पगार किती आणि मनस्तापाचे किती, हे आकडे आदेशात वेगवेगळे लिहावेत.