पक्क्या मालाआधीची परीक्षा

संगणक ज्या मूळ व्यवस्थेवर चालतो, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९५’ची कच्ची प्रत सुमारे ४ लाख लोकांना आधीच वापरायला दिली, तीही २० डॉलर घेऊन! अपुरा माल विकत घ्यायचा आणि खोडीही आपणच कळवायच्या. पण कोणाचे जुने छपाईयंत्र कुठे अडेल, हे कारखान्यात बसून थोडेच कळते? २४ ऑगस्टला पक्की प्रत आली. तिच्यात देवनागरीची अंगभूत सोयच नव्हती. मग मराठीच्या खोडी कोण दाखवणार? धाराशिवात एका फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका, तो फॉन्ट नसलेल्या लातूरच्या संगणकावर उघडावी, तर नुसती चिन्हे! युनिकोड देवनागरी मिळाली ती ‘विंडोज २०००’मध्ये, १७ फेब्रुवारी २००० रोजी.