पालटाची साक्ष : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील आचाराचा प्रश्न

धर्मांतराविषयी बोलताना मराठीत दोन क्रियापदे शेजारी शेजारी वावरत आली आहेत : 'बाटणे' आणि 'पालटणे'. पहिल्यात आचार भ्रष्ट झाल्याचा निवाडा आधीच देऊन टाकलेला असतो. दुसऱ्यात अंतःकरण बदलल्याचा दावा असतो. घटना एकच, समाज तिच्यासाठी पहिले क्रियापद वापरतो, धर्मांतरित दुसरे. परंतु हे दोन्ही पक्ष आचाराचीच भाषा बोलतात. बाटल्याचा पुरावा कोणाच्या हातचे पाणी प्याले यात शोधला जातो, पालटल्याचा पुरावा क्रोध, व्यसन, अहंता सुटली की नाही यात. श्रद्धेमुळे माणसाचा स्वभाव बदलतो, हे ख्रिस्ती नीतीचे मूळ गृहीत आहे. हा बदल वाङ्मयात सिद्ध कसा होतो, आणि त्याची साक्ष कोणी द्यायची, एवढाच प्रश्न प्रस्तुत निबंधापुरता घेतला आहे.

या प्रश्नाची तात्त्विक बाजू समजून घेण्यास यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडतो. १८८१ मध्ये अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य भारतात आले. ते ज्या फ्री मेथॉडिस्ट पंथाचे होते, त्या पंथाच्या वऱ्हाडातील कार्याचे यवतमाळ हे पुढे प्रमुख केंद्र झाले. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्थाही १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत यवतमाळातच होती. १८६० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या फ्री मेथॉडिस्ट पंथाचा विशेष असा की, तो जॉन वेस्लीच्या पवित्रीकरणाच्या सिद्धांतावर भर देतो. पापक्षमा ही पहिली पायरी. त्यानंतर अंतःकरणाच्या शुद्धीची दुसरी पायरी येते, आणि तिची खूण रोजच्या आचारात दिसली पाहिजे. मद्य व तंबाखू वर्ज्य, पोशाख साधा, दागिन्यांचा सोस नाही, अशी शिस्त या विचारातूनच येते. म्हणजे येथे श्रद्धा हा केवळ मताचा विषय राहत नाही. ती स्वभावात उतरली की नाही याची तपासणी होते.

ही दोन पायऱ्यांची कल्पना मनात ठेवून मराठी ख्रिस्ती आत्मकथनांकडे वळले, तर त्यांतील फरक स्पष्ट होऊ लागतात. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगाव येथे झाला. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणाऱ्या या लेखकाचे 'अरुणोदय' (१८८८) हे आरंभीच्या मराठी आत्मचरित्रांत गणले जाते. त्यातील पालट प्रामुख्याने बुद्धीचा आहे. ग्रंथवाचन, वादविवाद, शंका आणि त्यांचे निरसन या क्रमाने कथन पुढे सरकते. तरीही त्यात एक नैतिक पेच दडलेला आहे. पदमनजी काही काळ परमहंस सभेत होते. ही सभा जातिभेद मोडत असे, पण गुप्तपणे. बाप्तिस्मा मात्र उघड घ्यावा लागतो. पदमनजींच्या चारित्र्यातील खरा बदल मूर्तिपूजेविषयीच्या मतापेक्षा या उघडपणात शोधावा, असे मला वाटते. मत आधीच बदललेले होते. ते चारचौघांत आचरण्याचे धैर्य नंतर आले.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत दोन पायऱ्या त्यांच्या स्वतःच्या निवेदनातच सापडतात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर काही वर्षांनी सापडला, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत दिली आहे. या मधल्या वर्षांतला त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर काय दिसते? आज्ञाधारकपणा हाच सद्‌गुण मानणाऱ्या इंग्रज धर्मभगिनींशी त्या विवेकस्वातंत्र्यासाठी सतत झगडत आहेत. मिशनच्या नीतिकल्पनेत नम्रतेला जे स्थान होते, ते रमाबाईंनी माणसांपुढील नम्रतेला दिले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवांना घेऊन येणारी स्त्री ही आज्ञेची वाट पाहणारी स्त्री नव्हती. श्रद्धेने स्वभाव मऊ होतो, हे सरसकट विधान रमाबाईंपुढे टिकत नाही. त्यांच्यात श्रद्धेने जुना करारीपणा घालवला नाही, त्याला दिशा दिली.

पदमनजी आणि रमाबाई दोघेही स्वतःचीच साक्ष देतात. एवढी साक्ष पुरेशी धरता येत नाही. दुसरा साक्षीदार लागतो. मराठी वाङ्मयात असा साक्षीदार लक्ष्मीबाई टिळकांच्या रूपाने उभा राहतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई पुढे टिळकांकडे परतल्या, आणि सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये धर्मांतरापूर्वीचे आणि नंतरचे टिळक एकाच घरात, एकाच नजरेने पाहिलेले आहेत. शीघ्रकोप, व्यवहारशून्यता, हातचा पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याची वृत्ती हे गुणदोष बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघाले, असे लक्ष्मीबाई कुठेही म्हणत नाहीत. मात्र त्याच वृत्तीच्या कक्षा कशा रुंदावत गेल्या, हे त्या प्रसंगाप्रसंगांतून दाखवतात. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारणारे टिळक हे पूर्वीचेच अस्थिर टिळक आहेत. पण त्या अस्थिरतेला आता त्यागाचे रूप आले आहे.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा पालट याहून महत्त्वाचा आहे. परतल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे विचारांती पटल्यानंतर त्यांनी तो आचारातून काढून टाकला, बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे येथे क्रम उलटा आहे. आधी आचार पालटला, मग धर्म. ज्या कृतीला समाज 'बाटणे' म्हणतो, तीच त्यांच्या लेखी शुद्धीची पहिली खूण ठरते.

पतीच्या स्वभावबदलाची साक्ष पत्नीने द्यावी, ही घटना मराठीला नवी नव्हती. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांत तुकोबांवरील भक्तीमुळे संतापणारा, मारहाण करणारा पती येतो, आणि पुढे आजारपणानंतर निवळलेला तोच पतीही येतो. तेथेही श्रद्धेचा कस घराच्या चार भिंतींत लागतो. 'स्मृतिचित्रे' हे मिशनच्या वृत्तांतापेक्षा या परंपरेला अधिक जवळचे आहे, असे माझे प्रतिपादन आहे. आपली समीक्षा या ग्रंथाच्या विनोदात आणि निरागस शैलीत रमली. त्यातील नैतिक चिकित्सेला तिने गौण मानले.

मिशनच्या वृत्तांतांचा साचा वेगळा असतो. पूर्वीचा अंधार आणि नंतरचा उजेड अशी त्याची दोन चित्रे ठरलेली. या साच्यात एक विषमताही आहे. उच्चवर्णीय धर्मांतरित तेथे सत्यशोधक म्हणून येतो, तर अस्पृश्य मानलेल्या जातींतील धर्मांतरित व्यसनातून सुटलेला माणूस म्हणून. बाहेरचा समाज त्यालाच 'पोटासाठी बाटलेला' म्हणतो. एकाने त्याला पूर्वी नीती नव्हती असे गृहीत धरले, दुसऱ्याने आताही नाही असे. दारू सोडणाऱ्या, मुलाला शाळेत घालणाऱ्या, पाटलापुढे ताठ उभ्या राहणाऱ्या माणसात जे बदलले ते केवळ व्यसन नव्हते. स्वतःकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलली होती. या बदलाला दोन्ही क्रियापदे अपुरी पडतात.

म्हणून लक्ष्मीबाईंची साक्ष पुन्हा आठवावी लागते. पालट कोणाचा व्हायला हवा होता, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर अनपेक्षित आहे. पश्चात्तापाचा विषय त्यांच्या लेखी दुसऱ्याचे व्यसन नव्हता. स्वतःचे सोवळे होता. पवित्रीकरणाचा सिद्धांत आचाराची खूण मागतो हे खरे, पण ती खूण कोणाच्या आचारात प्रथम शोधायची हे तो सांगत नाही. मराठीत ते एका ब्राह्मण घरातील, पुढे ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने सांगितले, आणि तेही स्वतःच्या घरातील पाण्याच्या घागरीजवळ उभे राहून. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी पुन्हा करायची झाल्यास बाप्तिस्म्याच्या तारखांइतकेच वजन या घागरीलाही द्यावे लागेल.