गाव, तारीख आणि एक काळा ठिपका

माझ्याकडे एका फुलपाखराचा फोटो आहे. नारिंगी पंख, काळी किनार, टोकाशी पांढरा पट्टा. सिंदेवाहीकडच्या एका धुऱ्यावर, रुईच्या झुडपाजवळ काढलेला. मी बिनधास्त ‘प्लेन टायगर’ म्हणून मोकळी झाले. रुईवर अंडी घालणारं आणि आपल्याकडे सगळीकडे दिसणारं फुलपाखरू तेच.

बऱ्याच दिवसांनी फोटो मोठा करून पाहिला आणि मागच्या पंखावर अडकले. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. माझ्या फोटोत एकच होता, तोही वरच्या कडेला. म्हणजे ही ‘डॅनाइड एगफ्लाय’ची मादी!

प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते. त्यातलं विष फुलपाखरातही उतरतं, म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. एगफ्लायची अळी आपण भाजी करतो त्या घोळीवर वाढते. तिच्याकडे ते विष नाही, म्हणून मादीने विषारी शेजाऱ्याचा वेश घेतलाय. अशा नकलेमागचं कारण हेन्री बेट्सने १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडलं होतं. ते सिंदेवाहीच्या धुऱ्यावरही लागू पडत होतं.

आनंदाने नोंद करायला बसले, तर पहिलाच प्रश्न : कधी पाहिलं? दुसरा : नेमकं कुठे? फोन भरला म्हणून मूळ फोटो मी पुसले होते. उरलेली प्रत मेसेजमधून मैत्रिणीला पाठवलेली. तिच्यात ना तारीख, ना ठिकाण. कुठल्या पावसाळ्यातला, कुठल्या शिवारातला, काही सांगता येईना.

मग आपल्याकडच्या जुन्या नोंदी कोणी आणि कशा केल्या, ते शोधायला लागले. १८९०-९१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जे. ए. बेथम यांनी मध्य प्रांतातल्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली. १९३१ मध्ये ई. ए. डी’अब्रू यांची मध्य प्रांताची यादी नागपूरच्या संग्रहालयाने छापली. हे संग्रहालय म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालचा. डी’अब्रूंच्या यादीत १७७ जाती आहेत.

तेव्हा हातात कॅमेरा नाही, जाळी असायची. फुलपाखरू मारून टाचणीवर लावायचं आणि खाली बोटभर चिठ्ठी : ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. आज आपल्याला एकही जीव मारावा लागत नाही, ही मोठीच सुधारणा. पण चिठ्ठी मात्र मी हरवली होती.

नावांची गंमत वेगळीच. ब्रिगेडियर डब्ल्यू. एच. एव्हान्स यांचं भारतीय फुलपाखरं ओळखण्याचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. त्या काळात रुळलेली इंग्रजी नावं पाहा : कमांडर, सार्जंट, नवाब, राजा. जंगलात छावणी आणि दरबार एकत्र भरल्यासारखं वाटतं. आता महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाने मराठी नावंही दिलीत. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालेलं ब्लू मॉरमॉन आता ‘नीलवंत’ आहे. शास्त्रीय नावंसुद्धा संशोधनानुसार बदलतात. ठिकाण आणि तारीख मात्र एकदा लिहिली की तीच राहते.

ठिकाणाचंही नीट सांभाळावं लागतं. आपला जिल्हा आधी चांदा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा झाला. जुन्या नोंदीत नुसतं ‘चांदा’ असेल, तर ते फुलपाखरू ताडोब्याच्या बाजूचं की सिरोंच्याकडचं, कसं कळणार? आशिष टिपले यांनी २०११ मध्ये विदर्भातल्या १६७ जातींची यादी प्रसिद्ध केली. १७७ मधून १६७ वजा करून ‘दहा जाती संपल्या’ म्हणायचा मोह होतो. पण मध्य प्रांत आणि आजचा विदर्भ म्हणजे एकच प्रदेश नव्हे. काय खरंच कमी झालं, हे एकाच गावच्या, एकाच ऋतूतल्या जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच कळतं. खाणी आणि रस्त्यांनी बदलत चाललेल्या आपल्या भागात अशा नोंदी लागणारच आहेत.

ही शिस्त आपल्या लोकांना नवी नाही. आरमोरीकडे कोसा पिकवणारी माणसं येन कुठे, अर्जुन कुठे, अळ्या कधी सोडायच्या, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. कोशातून निघतो तो पतंग, फुलपाखरू नव्हे. पण झाड, जागा आणि वेळ माहीत असल्याशिवाय दोन्ही सापडत नाहीत.

आता मी आधी पंखांच्या वरच्या बाजूचा फोटो घेते, मग थांबून खालच्या बाजूचा. लगेच वहीत गाव, नाला किंवा शिवार, झाड आणि तारीख लिहिते. नाव आलं नाही तर जागा मोकळी सोडते. ते कोणीतरी पुढे सांगेल.

त्या फोटोचीही नोंद केलीय. नाव : डॅनाइड एगफ्लाय, मादी. गाव : सिंदेवाहीजवळ कुठेतरी. तारखेची जागा मोकळी आहे, आणि ती आता कोणीच भरू शकणार नाही.