टोपपुराण

मराठी भाषेत राजाच्या डोक्यावर जी वस्तू असते तीच आमच्या चुलीवरही असते. तिचं नाव टोप. राजाचा टोप पालथा असतो आणि भाताचा उताणा, एवढाच काय तो फरक. पुण्याकडची मंडळी भाताच्या भांड्याला पातेलं म्हणून या घोटाळ्यातून सहीसलामत सुटतात. आम्ही मालवणकडची आणि मुंबईची माणसं मात्र टोपच म्हणतो. ‘टोप खंय ठेवलंस गो?’ अशी हाक स्वयंपाकघरातून आली तर आमच्याकडे कोणाला राज्याभिषेक आठवत नाही, पेज आठवते.

‘मुकुट’ हा शब्द संस्कृत, सोवळ्यातला. तो देवघरातून फारसा बाहेर पडत नाही. टोपाचं तसं नाही. त्याचं खटलं मोठं. थोरला जिरेटोप, धाकटी टोपी, पाळण्यातलं टोपडं, पेनाचं टोपण आणि ज्यांचं कपाळ वर्षागणिक मागे सरकत चाललं आहे अशा नटांनी घालायचा केसांचा टोप. ही सगळी मुकुटाची लहान भावंडं. मान थोरल्याला आणि कामं धाकट्यांना, हा एकत्र कुटुंबाचा नियम इथेही लागू आहे.

थोरल्यापासून सुरुवात करू. शाळेत असताना ‘जिरेटोप म्हणजे काय?’ या प्रश्नाला आमच्या वर्गातल्या एकाने ‘फोडणीचो टोप’ असं उत्तर दिलं होतं. मास्तरांनी त्याला बाकावर उभा केला. त्याचा तर्क तसा वाईट नव्हता. जिरे आणि टोप या दोन्ही वस्तू त्याने घरी एकत्र पाहिल्या होत्या. पण जिरेटोपातला ‘जिरे’ वाण्याकडचा नाही. फारसीत साखळीच्या चिलखताला ‘झिरिह’ म्हणतात, त्यातून तो आला. म्हणजे जिरेटोप हा मुळात शोभेचा दागिना नव्हेच. लढाईत डोकं शाबूत ठेवण्याची ती व्यवस्था. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजीमहाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोईच्या वस्त्राखाली पोलादी टोप घातला होता, असं इतिहासकार सांगतात. वरून मंदिल, आतून पोलाद. समोरच्या पार्टीचा शब्द ऐकून घ्यावा, हसावं, पण तारण आधी ठेवून घ्यावं, हे तत्त्व आम्हाला बँकेत परीक्षा घेऊन शिकवतात. महाराजांना ते परीक्षेशिवाय ठाऊक होतं.

पुढे 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. जगातल्या इतर राजांचं सगळं मुकुटापाशी अडतं. आमच्या राजाने मात्र पदवी घेतली ती छत्रपती. मुकुटपती नव्हे, टोपपती नव्हे. छत्र, म्हणजे आपल्या छत्रीचं थोरलं भावंडं. जून महिन्यातला कोकणाकडचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला ही निवड लगेच पटेल. पण विनोद बाजूला ठेवला तरी त्यात एक गोष्ट आहे. मुकुट एकाच डोक्यावर बसतो. छत्री धरली की शेजारी उभा असलेलाही थोडा कोरडा राहतो.

त्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. त्याची जात आमच्या जुन्या कागदांत एका शब्दात सांगितली आहे: टोपीकर. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, सगळे टोपीकर. समुद्रावरून येणाऱ्या माणसाचं आधी डोकं दिसतं, मग हेतू दिसतो. तेव्हा नाव डोक्यावरूनच पडलं. रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त या टोपीकरांबद्दल जे लिहून ठेवलं ते कर्जवाटप खात्यात भिंतीला लावावं असं आहे. हे लोक सावकार खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा आहे. येऊ-जाऊ द्यावं, पण राहायला कायमची जागा देऊ नये. द्यावीच लागली तर समुद्रापासून लांब द्यावी, असा त्याचा मथितार्थ.

1765 साली टोपीकरांनी थेट सिंधुदुर्गच घेतला आणि त्याला नाव दिलं फोर्ट ऑगस्टस. पुढच्या वर्षी किल्ला कोल्हापूरकरांकडे परत आला. ऑगस्टस हे नाव मालवणच्या जिभेवर काही चढलं नाही. समुद्राने ते धुऊन नेलं. 1812 साली मात्र मालवण आणि किल्ला कायमचे इंग्रजांकडे गेले. ‘टोपी घालणे’ हा वाक्प्रचार कुठून आला ते भाषापंडितांनी ठरवावं. सोदाहरण स्पष्ट करायला सांगितलं तर आम्हा मालवणकरांना फार लांब जावं लागत नाही.

या टोपीकरांच्या भाषेतही मुकुटाची अशीच त्रेधा उडालेली आहे. कॉमर्सच्या पदवीला जागून मी आधी पैशांचं पाहतो. इंग्लंडात 5 शिलिंगांच्या नाण्याला ‘क्राउन’ म्हणत. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, चेकिया या देशांच्या चलनांची नावंही ‘मुकुट’ याच अर्थाची. त्यांपैकी चेकियात राजा नाही. राजा गेला, मुकुट तेवढा पाकिटात राहिला. त्यानंतर येतो दंतवैद्य. इंग्रजीत दाताला क्राउन बसवतात, आपल्याकडे तोच क्राउन ‘कॅप’ होतो. इंग्रजांच्या जबड्यात राज्याभिषेक, आमच्या जबड्यात टोपी. बिल मात्र दोन्हीकडे राजेशाही येतं. आणि 2020 साली तर लॅटिनमधला मुकुट, म्हणजे ‘कोरोना’, उंबरठा न ओलांडता घरोघरी पोचला. 1968 मध्ये विषाणूंच्या अभ्यासकांनी त्या घराण्याला हे नाव दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याभोवती सूर्याच्या प्रभामंडळासारखी झालर दिसली. इतक्या लहान डोक्यावरच्या मुकुटाने इतक्या मोठ्या जगाला घरी बसवल्याचं उदाहरण इतिहासात दुसरं सापडणं कठीण.

26 जानेवारी 1950 ला आपण आपल्यापुरता हा मुकुट उतरवला. नौदलाच्या चिन्हावरचा ब्रिटिश मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. त्याच वर्षी नव्या नाण्यांवरून राजाचं मुकुटधारी डोकंही गेलं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर मुकुट खर्ची पडला. टोपी मात्र जमेला राहिली.

आमच्या भागाच्या नावे तर ती चांगलीच जमेला आहे. कुडाळजवळच्या वालावलचे अनंत शिवाजी देसाई मुंबईला गेले आणि टोप्यांच्या धंद्यात इतके वर आले की लोक आडनाव विसरून त्यांना टोपीवाले म्हणू लागले. मालवणचं टोपीवाला हायस्कूल त्यांच्या नावाचं. मुंबईत 1921 साली असहकाराच्या वाऱ्यात निघालेल्या नॅशनल मेडिकल कॉलेजलाही पुढे याच घराण्याच्या देणगीमुळे टोपीवाला हे नाव लागलं. ज्या भाषेत टोपी घालणे म्हणजे फसवणे, त्याच भाषेत टोपीवाल्याच्या नावाची शाळा आणि दवाखान्याला जोडलेलं कॉलेज उभं राहिलं. लोकांच्या डोक्यांवर टोप्या घालून मिळवलेला पैसा पुन्हा लोकांच्या डोक्यांतच घालायचा, इतका चोख ताळेबंद मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

आता टोपण. आमच्या काउंटरवर रोज ‘जरा पेन द्या’ म्हणणारे निदान पंचवीस भेटतात. अनुभवी क्लार्क पेन देतो, टोपण देत नाही. टोपण हा पेनाचा मुकुट. तो गहाण ठेवून घेतला की पेन परत येतं. याच टोपणाचं चुलतभावंड टोपणनाव. चिंतामण त्र्यंबक खानोलकर कुडाळला घरची खानावळ सांभाळत आणि कविता लिहीत आरती प्रभू या नावाने. एका हाताखाली भाताचे टोप आणि दुसऱ्या हाताखाली टोपणनाव. त्या खानावळीत जेवून गेलेल्या किती जणांना कळलं असेल, की आपल्याला आमटी वाढणारा माणूस मराठी कवितेत मुकुट घालून बसणार आहे?

मुकुट घालून बसणाऱ्यांची आमच्या जिल्ह्यात मुळीच वाण नाही. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतार उभा राहतो. रंग फासलेला, मुकुट चढवलेला राजा गर्जना करतो, संवाद जागच्या जागी रचतो, आणि अख्खा गाव त्याच्या धाकात पहाटेपर्यंत बसतो. सकाळी दहीकाला झाला की तोच राजा मुकुट पेटाऱ्यात घालतो, पेटारा डोक्यावर घेतो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही त्यावरची आमच्याकडची म्हण. लोक ती हसत सांगतात. मला तीत हसण्यासारखं फारसं दिसत नाही. रात्री ज्या डोक्याने मुकुट पेलला तेच सकाळी मुकुटाचा पेटारा पेलतं. खऱ्या राजांच्या पेटाऱ्याला हमाल असतात.

आणि तरीही, पेटारा स्वतः वाहणाऱ्यांची आठवण ठेवणारा एक राजा आमच्या समोरच्या बेटावर बसलेला आहे.

25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सुमारे 48 एकरांचं बेट, भोवती जवळजवळ 3 किलोमीटरचा तट. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली खडक इतके आहेत की कुठून होडी घालावी आणि कुठून घालू नये, हे इथल्या नावाड्यांखेरीज कोणाला सांगता येत नाही. किल्ला बांधणाऱ्या राजाचं सगळं त्यांच्यावर अवलंबून. 1695 साली राजाराममहाराजांनी किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर बांधलं. आत महाराजांची पाषाणाची मूर्ती आहे. वीरासनातली, दाढी नसलेली, कॅलेंडरवरच्या चित्रांशी न जुळणारी. आणि डोक्यावर जिरेटोप नाही. नावाड्यांची, कोळ्यांची म्हणून लोक जी ओळखतात तशी टोपी आहे.

मूर्तीवर मुखवटा चढवतात, टोप चढवतात, वस्त्रं नेसवतात. दर तीन वर्षांनी कांदळगावचा रामेश्वर तरंग-वाजंत्र्यांसह होडीतून राजाच्या भेटीला येतो. त्या दिवशी थाट पाहावा. पण तो सगळा थाट वरचा. तो उतरवला की आत दगडात कोरलेली आहे ती नावाड्याची टोपी. प्रतापगडाखाली वर वस्त्र आणि आत पोलाद होतं; इथे वर राजा आणि आत तांडेल.

सिंधुदुर्गासमोर किनाऱ्यावर राजकोट आहे. तिथे 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, महाराजांच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी मालवणच्या बाजारात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पुढे 11 मे 2025 ला तिथे 60 फूट उंचीच्या नव्या पुतळ्याचं अनावरण झालं. तो उभा राहो, आमच्या नातवंडांनाही दिसो. पण त्या पावसाळ्यात वाऱ्याचं, गंजाचं, खाऱ्या हवेचं नाव जेव्हा जेव्हा निघे, तेव्हा लोकांची नजर आपोआप पाण्यापलीकडे जाई. तोच वारा, तीच खारी हवा, आणि तिथे 1695 पासूनचं देऊळ.

याचं कारण अभियंते सांगतील, ते मी सांगू नये. मी पडलो बँकेतला माणूस, मला ठेवींचं कळतं. मुकुट ही चालू खात्यातली रक्कम. आज आहे, उद्या नाही. त्या पाथरवटाने राजाच्या नावावर ठेवलेली नावाड्याची टोपी ही मुदत ठेव आहे. सव्वातीनशे वर्षं झाली, अजून कोणी मोडलेली नाही.