थुरियावरचे तीन दिवस

१ जुलै २०१८, रविवार

फ्रान्सच्या ले साब्ल द'ओलोन बंदरातून गोल्डन ग्लोब शर्यत सुटते. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, तीही १९६८ सालच्या साधनांनी. जीपीएस नाही, सेक्स्टंट, कागदी नकाशे आणि सूर्य-तारे एवढ्यावर वाट काढायची. आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी या शर्यतीत आहेत. त्यांची 'थुरिया' जेमतेम बत्तीस फुटांची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या 'सुहेली'तून १९६८ची पहिली शर्यत जिंकली, ती मुंबईत बांधलेली. थुरिया तिचीच प्रतिकृती, गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये घडवलेली. टॉमी २०१३ साली एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय ठरले होते. तेव्हा या गोष्टीत नवखेपणाला जागा नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार. मदत पोहोचायला तीन दिवस

दक्षिण हिंदी महासागर. टॉमी तिसऱ्या क्रमांकावर आहेत. वारा सत्तर नॉटच्या घरात जातो, लाटा चौदा मीटरपर्यंत चढतात, म्हणजे चार-साडेचार मजल्यांची इमारत अंगावर येते. थुरिया उलटते.

पुढचं टॉमींनी नंतर सांगितलं. होडी पालथी होत असताना ते डोलकाठीला धरून होते. ती सावरून उभी राहिली तेव्हा ते उंचावर लटकत होते, कारण मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दोरखंडात अडकला होता. सगळं वजन त्या एका मनगटावर. मग पट्टा तुटला आणि ते खाली आदळले. डोलकाठी मोडली. पाठीचा कणा जायबंदी झाला.

शर्यतीच्या नियंत्रण कक्षाला उपग्रहावरून तोडका संदेश मिळतो: होडी उलटली, डोलकाठी गेली, पाठीला जबर मार, उठता येत नाही.

आता मोजमाप बघा. ऑस्ट्रेलियातलं पर्थ सुमारे एकोणीसशे सागरी मैल लांब. हेलिकॉप्टर एवढं लांब जाऊन परत येऊच शकत नाही. शंभरेक मैलांवर ॲमस्टरडॅम हे चिमुकलं फ्रेंच बेट आहे. तिथे संशोधन केंद्र आहे, छोटा दवाखाना आहे, पण विमानतळ नाही. म्हणजे जखमी माणूस आणि दवाखाना एकाच पट्ट्यात, आणि मधलं अंतर कापायला जवळ जहाज नाही.

२२ सप्टेंबर, शनिवार. अजून दोन दिवस

टॉमी संकटकालीन बीकन चालू करतात. चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, असं कळवतात. नेहमीचा सॅटेलाइट फोन बंद पडला आहे. हाती उरलंय ते फक्त संदेश पाठवायचं यंत्र.

पुढच्या संदेशात एक वाक्य आहे, ज्यावर कुठलाही डॉक्टर झडप घालेल: पायाची बोटं हलतात. मणक्याला मार लागलेल्या माणसाबद्दल दुरून जाणून घेण्यासारखं याहून मोलाचं काही नाही. बोटं हलतात, म्हणजे मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही. आता त्याला कमीत कमी हलू द्यायचं. पण ज्याला हलू द्यायचं नाही, त्याचा बिछानाच लाटांवर आपटतोय. डोलकाठी असताना तिच्या वजनामुळे होडी जरा संथ डोलते. ती गेली की होडी झटक्याझटक्याने लोळू लागते. प्रत्येक झटका थेट कण्यात.

त्याच संदेशात आहे की अंग बधिर आहे, खाता-पिता येत नाही, आणि आणीबाणीची पिशवी गाठणं अवघड आहे. या पिशवीत दुसरा सॅटेलाइट फोन आणि हाती धरायचा व्हीएचएफ रेडिओ आहे. अशा पिशव्या आपण धावपळीसाठी भरतो: होडी बुडतेय, उचल आणि निघ. भरणारा माणूस आपण उभे असू असंच गृहीत धरतो. इथे मालक काही हातांवर आडवा आहे आणि पिशवी पर्थइतकीच लांब.

मग कळतं की त्यांनी आइस टीचे डबे कसेबसे ओढून आणलेत, तेच पिताहेत. उलट्या थांबत नाहीत, छातीत जळजळतंय. माझ्या मते या घटनाक्रमातली खरी घड्याळाची टिकटिक ही. मोडलेला कणा एकवेळ थांबतो, कोरडं पडणारं शरीर थांबत नाही.

दरम्यान ऑस्ट्रेलियाचं शोध-बचाव केंद्र सूत्रं हलवतंय. फ्रान्सचं 'ओसिरिस' हे मासेमारीवर पहारा ठेवणारं जहाज निघालंय. भारतीय नौदलाने 'ऑपरेशन रक्षम' हाती घेऊन आयएनएस सातपुडा वळवली आहे. आणि मागून येणारा आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन, ज्याच्या स्वतःच्या होडीच्या डोलकाठ्या त्याच वादळात गेल्यात, तो जुगाडाचं शीड उभारून थुरियाच्या दिशेने सरकतोय.

२३ सप्टेंबर, रविवार. शेवटचा दिवस

मॉरिशसहून उडालेलं नौदलाचं पी-८आय विमान थुरिया शोधून काढतं. मोडकी डोलकाठी बाजूला लोंबतेय, होडी भयंकर हेलकावतेय. विमान पाणबुड्या हुडकण्यात तरबेज. पण माणसाच्या तोंडाला पाणी लावणं त्याच्या हातात नाही. टॉमी बीकनवरून खूण देतात. जिवंत आहे, शुद्धीवर आहे.

२४ सप्टेंबर, सोमवार

समुद्र बराच निवळलाय. ओसिरिसची माणसं रबरी होडीतून थुरियावर चढतात, प्रथमोपचार करतात आणि टॉमींना स्ट्रेचरवर बांधून हलवतात. थुरिया तिथेच सोडून द्यावी लागते. त्यानंतर ओसिरिस मॅकगकिनलाही उचलतं आणि दोघांना ॲमस्टरडॅम बेटावर नेतं.

तिथून सातपुडाने टॉमींना विशाखापट्टणमला आणलं, ६ ऑक्टोबरला. पडल्यापासून मायदेशीच्या धक्क्याला लागेपर्यंत पंधरा दिवस. कण्यात टायटॅनियम बसवण्याची शस्त्रक्रिया त्यानंतरची.