जुन्या गाडीचं बिल नेमकं कोण ठरवतं?

परवा ओळखीच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. समोर बारा-तेरा वर्षं जुनी सेडान. डॅशबोर्ड पूर्ण उतरवलेला, वायरींचं जाळं बाहेर लोंबतंय. एसीचा कूलिंग कॉइल लीक झाला होता. कॉइलच्या किमतीपेक्षा डॅशबोर्ड उतरवून परत बसवायची मजुरी जास्त. मालक बिचारा म्हणाला, "घेताना स्वस्त पडली हो, पण दर चार महिन्यांनी काहीतरी निघतंच."

मिस्त्री हसून म्हणाला, "साहेब, पद्मिनी असती तर तासाभरात सोडली असती." बहुतेक पद्मिन्यांना एसीच नसायचा, हे दोघंही सोयीस्करपणे विसरले! पण मिस्त्रीच्या बोलण्यात एक इतिहास आहे. आज तो सांगतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसते परदेशी सुटे भाग आणून गाडी जोडायची असेल तर धंदा बंद करा, भाग इथेच बनवायचे असतील तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरल्या मुख्यतः तीन गाड्या: अँबॅसेडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. १९६४ मध्ये आलेलं फियाट ११०० चं मॉडेल १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकलं गेलं आणि किरकोळ बदल सोडले तर २००० च्या आसपासपर्यंत तेच बनत राहिलं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पस्तीसेक वर्षं एकच गाडी!

आमच्या वडिलांनी कोल्हापुरात पद्मिनी घेतली तेव्हा ती आधीच दोघांनी वापरून झालेली. तिची दुखणी घरात सगळ्यांना पाठ होती. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पंपातच उकळायचं, गाडी बंद. मग बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली थांबायचं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल शिरायची, पॉईंट घासायला पॉलिश पेपर डिकीत कायम. गिअरच्या लिंकेजचे बुश झिजले की पहिला टाकायला जावं तर तिसरा पडायचा. किंगपिन झिजला की स्टिअरिंग थरथरायचं, ग्रीसिंग चुकवलं की ही शिक्षा ठरलेली. पायाखालचा पत्रा गंजून रस्ता दिसायला लागायचा. आणि शेवटचं दुखणं म्हणजे गाडी ऑइल प्यायला लागायची, मागून निळा धूर. मग इंजिन उतरवून रिंगा बदला, नाहीतर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाका.

हे शेवटचं काम सोडलं तर बाकी कशानेही घराचं बजेट कोलमडत नव्हतं. का? कारण भाग बदलण्याआधी तो दुरुस्त व्हायचा. डायनॅमो गेला तर आतला कार्बन ब्रश बदलायचा, डायनॅमो नाही. बुश उद्यमनगरात लेथवर खरडून मिळायचा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळायचे. एकच मॉडेल इतकी वर्षं चालल्यामुळे ते गावोगावच्या मिस्त्रीच्या हातात बसलेलं होतं. त्याला मॅन्युअल लागत नव्हतं, कंपनीची परवानगी तर नाहीच नाही.

पण थांबा, लगेच 'ते दिवस गेले' म्हणून उसासे टाकू नका. ही स्वस्त दुरुस्ती ज्या व्यवस्थेतून आली, तीच व्यवस्था आपल्याला लुटतही होती. किती गाड्या बनवायच्या हे लायसनवर ठरायचं, किंमत सरकार ठरवायचं आणि ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचा. म्हणून तर लवकर हातात येणारी जुनी गाडी नव्याच्या तोडीच्या भावाला जायची. कंपनीला गाडी सुधारायची गरजच नव्हती. ओल्या ब्रेकची भीती, धूर, घाटात गेलेले तास, हे कुठल्याच बिलात दिसत नव्हतं, पण भरत आपणच होतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोकांना कळलं की गाडी रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू होऊ शकते. १९९१ नंतर तर बाजारच उघडला. गाड्या खरोखर चांगल्या झाल्या, हे मान्यच करायला हवं. आजची सेडान दहा वर्षं इंजिनाला हात न लावता चालते.

मात्र म्हातारी झाली की वेगळाच खेळ सुरू होतो. बॉल जॉइंट गेला? कितीतरी गाड्यांत पूर्ण लोअर आर्म बदला. हेडलाइटची एक कडी तुटली? अख्खं युनिट घ्या. उंदराने वायर कुरतडली, तर सेन्सर कुठला बोंबलतोय हे कळायला स्कॅनर लावा. एबीएस किंवा ईसीयूचं काम निघालं, तर जुन्या गाडीच्या बाजारभावाचा मोठा हिस्सा एका डब्यात जातो. गल्लीतल्या मिस्त्रीचं कसब कमी झालेलं नाही. त्याच्यापर्यंत भाग आणि माहिती पोचत नाही.

ही नुसती गॅरेजमधली कुरकुर नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच: अस्सल सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुली मिळत नव्हती. प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. पण तुमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला त्याने काय फरक पडला, हे त्यालाच विचारा.

आणि त्याच काळात सरकार दुसऱ्या हाताने काय करत होतं? एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांच्या खाजगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. सुट्या भागांवर २०१७ पासून बहुतांशी २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या पंगतीत. तो १८ वर आला सप्टेंबर २०२५ मध्ये. जुनी गाडी कोण वापरतं? ज्याला नवीचा हप्ता झेपत नाही तो. त्याच्या क्लच प्लेटवर आपण आठ वर्षं चैनीचा कर घेत होतो.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. लोकांनी फोटो टाकले, हळहळले. धुराच्या आणि असुरक्षित गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, यात वाद नाही. पण गाडी धूर टाकते का, ब्रेक लागतात का, हे तपासून काढा की. नुसतं वय बघून काढायचं आणि दुरुस्त करू पाहणाऱ्याला भाग मिळू द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

लायसन राजमध्ये गाडी मिळत नव्हती, पण दुरुस्त होत होती. आज गाडी मिळते, दुरुस्ती अडते. दोन्ही वेळा बिल गॅरेजमध्ये फाटलं, पण आकडा वर कुठेतरी ठरला होता. पुढच्या वेळी मिस्त्रीशी पाचशे रुपयांवरून घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा, की त्या बिलात त्याचा हिस्सा सगळ्यात लहान असतो.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीचं सगळ्यात महागडं बिल कशाचं होतं? खाली लिहा, वाचायला आवडेल.